वेष्टनावरील शून्याचा हिशेब

किराणा दुकानाच्या फळीवरून बिस्किटांचा, खारीचा किंवा केकचा पुडा उचलून जो ग्राहक त्याच्या दर्शनी चित्रावर समाधान न मानता मागील बाजूचा बारीक मजकूरही वाचण्याची तसदी घेतो, त्याला केव्हा ना केव्हा एक कोडे पडल्यावाचून राहत नाही. पोषणमूल्यांच्या कोष्टकात ‘ट्रान्स फॅट’ या नोंदीपुढे शून्य छापलेले असते. आणि त्याच कोष्टकाच्या चार बोटे खाली, घटकपदार्थांच्या यादीत, ‘हायड्रोजनीकृत वनस्पती तेल’ हे शब्द असतात. ट्रान्स फॅट नावाचा अपायकारक स्निग्धांश तेलाच्या हायड्रोजनीकरणातून निर्माण होतो, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतून आता घरोघरी पोहोचली आहे. मग ज्या पदार्थात कारण उपस्थित आहे, त्यात कार्य मात्र शून्य, हे घडते कसे? उत्पादक खोटे बोलतो काय? बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. दोन्ही विधाने कायद्याच्या कसोटीवर एकाच वेळी खरी ठरू शकतात. आणि ती कशी ठरतात हे ज्याला एकदा उमगले, त्याला वेष्टनावरील इतर पुष्कळ आकड्यांचा अर्थ आपोआप लागू लागतो.

तेल वाहते आणि तूप थिजते

आपण खातो ते तेल, तूप, लोणी, चरबी हे सर्व पदार्थ रचनेने एकाच कुळातले आहेत. ग्लिसरॉल नावाच्या एका लहानशा रेणूला तीन वसाम्ले जोडली गेली की स्निग्ध पदार्थाचा एक रेणू सिद्ध होतो. वसाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबलचक साखळी, आणि त्या प्रत्येक कार्बनला चिकटलेले हायड्रोजनचे अणू. ज्या साखळीतील कार्बनांना, जेवढे हायड्रोजन धारण करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे तेवढे सर्व मिळालेले असतात, ती साखळी संपृक्त. आणि जिच्यात शेजारच्या दोन कार्बनांना एकेक हायड्रोजन कमी पडल्यामुळे ती उणीव ते आपसांत दुहेरी बंध जोडून भरून काढतात, ती असंपृक्त.

निसर्गातील तेलांत हा दुहेरी बंध जवळजवळ नेहमीच एका विशिष्ट पद्धतीने जुळलेला असतो. बंधाच्या दोन्ही टोकांना उरलेले दोन हायड्रोजन एकाच बाजूला असतात, आणि त्यामुळे साखळीला त्या ठिकाणी कोपर फुटते. सरळसोट काटक्यांची मोळी जशी घट्ट आवळून बसते, पण वाकड्यातिकड्या फांद्यांची मोळी कितीही दोर ताणला तरी पोकळच राहते, तद्वत सरळ साखळ्या एकमेकींना बिलगून घन रूप धारण करतात आणि वाकलेल्या साखळ्यांना तसे बिलगता येत नसल्यामुळे त्या प्रवाही राहतात. स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल या दोहोंत कार्बनचे अणू अठराच. परंतु पहिले संपृक्त असल्यामुळे ७० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, तर एकाच दुहेरी बंधाने वाकलेले दुसरे १३-१४ अंशांनाच पातळ होते. शेंगदाण्याचे तेल बरणीत वाहते आणि तूप डब्यात थिजते, याचे मुख्य कारण एवढेच आहे.

आता अशी कल्पना करावी की, त्या दुहेरी बंधाजवळचा एक हायड्रोजन आपली बाजू सोडून पलीकडच्या बाजूस गेला. अणू तेवढेच राहिले, दुहेरी बंधही कायम राहिला, परंतु कोपर नाहीसे झाले आणि साखळी जवळजवळ सरळ झाली. रसायनशास्त्राच्या परिभाषेत पहिल्या मांडणीला ‘सिस’ आणि दुसरीला ‘ट्रान्स’ म्हणतात. ओलेइक आम्लाचे हे ट्रान्स रूप ४५ अंशांच्या सुमारास वितळते. म्हणजे नावाने ते असंपृक्त राहिले, तरी वर्तनाने संपृक्ताच्या पंगतीला जाऊन बसले. या एका फरकात पुढील शतकभराच्या गोंधळाचे बीज आहे. कारण प्रयोगशाळेत संपृक्त आणि असंपृक्त एवढीच विभागणी करणाऱ्याच्या हिशेबात हा पदार्थ बराच काळ सज्जनांच्या रकान्यात जमा होत राहिला.

शिवडीचा कारखाना आणि तिळाच्या तेलाची खूण

द्रवरूप तेलाचे घनरूप स्निग्धात रूपांतर करण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी माणसाच्या हाती आली. निकेल धातूच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू असंपृक्त पदार्थांशी संयोग पावतो, हे पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनज्ञाने दाखवून दिले आणि त्याबद्दल त्याला १९१२ साली नोबेल पारितोषिकाचा मान अर्धा मिळाला. व्हिल्हेल्म नोर्मान या जर्मन शास्त्रज्ञाने तीच प्रक्रिया द्रवरूप तेलांना लागू करून १९०२ साली तिचे एकस्व मिळवले. अमेरिकेत १९११ साली सरकीच्या तेलापासून बनविलेले ‘क्रिस्को’ बाजारात आले. आपल्याकडे १९३२ मध्ये मुंबईच्या शिवडी भागात वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ च्या सुमारास ‘डालडा’ या नावाचे पिवळे डबे खेड्यापाड्यांतील दुकानांपर्यंत पोहोचू लागले.

प्रक्रिया अशी की, शुद्ध केलेले तेल दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तापवून, त्यात निकेलचे चूर्ण मिसळून, दाबाखाली हायड्रोजन सोडावयाचा. निकेलच्या पृष्ठभागावर दुहेरी बंध उकलतो आणि त्यात हायड्रोजन शिरू लागतो. प्रक्रिया शेवटपर्यंत नेली तर सर्व साखळ्या संपृक्त होऊन मेणासारखा कठीण, ठिसूळ आणि खाण्यास निरुपयोगी गोळा हाती येतो. म्हणून उत्पादक ती मधेच थांबवतो. कारण त्याला हवे असते ते ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळणारे, बोटाने उचलता येईल असे, रवाळ आणि मऊ तूप. परंतु या अर्धवट अवस्थेत एक आडमार्गी घटना घडत असते. पुष्कळ बंध उकलतात, एक हायड्रोजन पत्करतात, दुसरा मिळण्यापूर्वीच पुन्हा मिटतात. आणि मिटताना त्यांच्यावर पूर्वीची वाकडी मांडणीच स्वीकारण्याचे बंधन नसते. उष्णतेच्या दृष्टीने सरळ मांडणी अधिक स्थिर असल्याने कित्येक बंध ट्रान्स होऊनच मिटतात. ट्रान्स वसाम्ले ही अशा रीतीने अर्धवट हायड्रोजनीकरणाची संतती होय. पूर्ण हायड्रोजनीकरणात ती जवळजवळ उरतच नाहीत. आरंभीच्या कोड्याचे निम्मे उत्तर येथेच आहे. घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनीकृत’ हा शब्द असला, तरी ते तेल अर्धवट की पूर्ण हायड्रोजनीकृत, यावर ट्रान्सचा आकडा अवलंबून असतो.

भटारखान्यांना हा पदार्थ इतका प्रिय का झाला, हे खारीकडे पाहिले की समजते. खारीचे पापुद्रे सुटतात ते मैद्याच्या थरांमध्ये स्निग्धाचा अखंड पडदा टिकून राहतो म्हणून. भट्टीत पिठातील पाण्याची वाफ होते आणि ती या पडद्यांना अडून थर अलग उचलते. पातळ तेल लावले तर ते पिठात मुरून जाते, पडदा उरत नाही, आणि खारीऐवजी कडक पोळी निघते. शिवाय तेल खवट होते ते मुख्यतः दुहेरी बंधांवर हवेतील प्राणवायूने हल्ला केल्यामुळे. बंध कमी झाले की माल महिनोन्महिने टिकतो. लोण्याहून स्वस्त, तेलाहून टिकाऊ आणि आकार धरून राहणारे असे हे द्रव्य मिळाल्यावर बेकरी, मिठाई आणि तळणाचे धंदे त्याच्यावर विसंबून राहिले, यात नवल नाही.

त्या काळात या पदार्थावर जो वाद माजला तो हृदयविकाराचा नव्हता, तर फसवणुकीचा होता. साजूक तुपात वनस्पती मिसळून विकले जाऊ लागले, गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्याविरुद्ध लिहिले, वनस्पतीला वेगळा रंग देण्याची मागणी लोकांनी सातत्याने केली, पण टिकाऊ, निरुपद्रवी आणि सहजासहजी काढून टाकता न येणारा रंग काही ठरेना. सरकारने मग निराळी तजवीज केली. प्रत्येक वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे, असा हुकूम झाला; कारण तिळाच्या तेलात असे द्रव्य असते की, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुरॉल यांच्या संयोगाने ते गुलाबी-तांबडा रंग देते, आणि तुपाचा नमुना प्रयोगशाळेत गेला की भेसळ उघडकीस येते. ही योजना बुद्धिमत्तेची होती यात संशय नाही. पण तिचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे: डब्यातील द्रव्याची ओळख पटविणारी खूण त्या द्रव्यातच घातली गेली, परंतु ती वाचता येत होती केवळ सरकारी तपासनिसाला, खाणाऱ्याला नव्हे. अन्नविषयक माहिती अस्तित्वात असणे आणि ती खाणाऱ्याच्या समजुतीच्या आवाक्यात असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या कायद्यांनी पहिलीची जेवढी काळजी वाहिली तेवढी दुसरीची वाहिली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तात काय घडते

फ्रेड कुमरो या अमेरिकन जीवरसायनज्ञाने १९५७ सालीच मृत माणसांच्या ऊतींत ट्रान्स वसाम्ले साठलेली दाखवून दिली होती, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. निर्णायक पुरावा आला तो १९९० मध्ये, नेदरलँड्समधून. मेन्सिंक आणि काटन या दोन संशोधकांनी ५९ निरोगी स्त्री-पुरुषांना तीन-तीन आठवडे तीन प्रकारचा आहार दिला. एकात ओलेइक आम्ल अधिक, दुसऱ्यात ट्रान्स वसाम्ले अधिक, तिसऱ्यात संपृक्त वसाम्ले अधिक, आणि बाकी सर्व सारखे.

त्यांना काय आढळले, हे कळण्यासाठी रक्तातील दोन वाहकांची ओळख असावी लागते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून न्यावे लागते. ‘एलडीएल’ या नावाचे कण ते यकृताकडून शरीरभर पोहोचवतात, आणि त्यांची संख्या वाढली म्हणजे ते धमन्यांच्या भिंतींत शिरून साठू लागतात. ‘एचडीएल’ या नावाचे कण ऊतींतील जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात. संपृक्त वसाम्लांनी एलडीएल वाढते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. ट्रान्स वसाम्लांनीही ते वाढले. पण त्याखेरीज, संपृक्त वसाम्लांनी जे केले नव्हते तेही त्यांनी केले, म्हणजे एचडीएल घटवले. दोन्ही दिशांनी हानी करणारे असे हे एकमेव स्निग्ध द्रव्य ठरले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने असा अंदाज प्रसिद्ध केला की, ट्रान्स वसाम्लांच्या सेवनामुळे जगात दरवर्षी सुमारे पाच लाख माणसे हृदयविकाराने दगावतात.

गाईम्हशींच्या दुधातही ट्रान्स वसाम्ले थोड्या प्रमाणात असतात, कारण त्यांच्या पोटातील सूक्ष्मजंतू चाऱ्यातील तेलाचे आपल्या परीने हायड्रोजनीकरण करीत असतात. म्हणून साजूक तुपाच्या डब्यावर ट्रान्सचा लहानसा आकडा दिसला तर भेसळीचा संशय घेण्याचे कारण नाही. कायद्याचा रोख कारखान्यात उत्पन्न झालेल्या ट्रान्सवर आहे.

एका शुद्ध हेतूचा विपरीत परिणाम

अमेरिकेतील बटाट्याच्या तळलेल्या कापांची कथा येथे सांगितलीच पाहिजे, कारण वेष्टनात नसलेला रकाना किती महाग पडतो याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही. मॅकडोनल्ड्सच्या भोजनगृहांत हे काप दीर्घकाळ मुख्यतः गाईबैलांच्या चरबीत तळले जात. फिल सोकोलोफ नावाच्या नेब्रास्कातील एका उद्योजकाने, स्वतःला तरुण वयातच हृदयविकाराचा झटका आल्यानंतर, संपृक्त चरबीविरुद्ध वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन मोहीम उघडली. आपल्या पदरचा पैसा खर्चून लोकांचे प्राण वाचविण्याची त्याची तळमळ संशयातीत होती. लोकमताच्या दडपणाखाली कंपनीने १९९० साली चरबी सोडून वनस्पती तेल स्वीकारले. ज्याने संपृक्त तेवढे वाईट असे ऐकले होते त्या ग्राहकाला हा मोठा विजय वाटला. परंतु कढईत वारंवार तापूनही टिकेल असे ते वनस्पती तेल अर्धवट हायड्रोजनीकृत होते. आणि नेदरलँड्समधला तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो नेमका त्याच वर्षी.

१९९४ पासून अमेरिकेत पाकीटबंद अन्नावर पोषणमूल्यांचे कोष्टक सक्तीचे झाले. त्यात एकूण स्निग्धांश होता, संपृक्त होता, कोलेस्टेरॉल होते, पण ट्रान्स नव्हते. ती नोंद सक्तीची झाली १ जानेवारी २००६ रोजी. मधल्या काळात ट्रान्स वसाम्ले एकूण स्निग्धांशाच्या आकड्यात समाविष्ट होत आणि संपृक्ताच्या आकड्यातून मात्र सुटत, त्यामुळे लक्षपूर्वक वाचणारा ग्राहकही अधिक अपायकारक माल अधिक आरोग्यदायी म्हणून निवडू शकत असे. मॅकडोनल्ड्सने २००२ मध्ये ट्रान्सचे प्रमाण घटविण्याची घोषणा केली, ती मुदतीत अमलात आली नाही, आणि ही गोष्ट ग्राहकांना पुरेशी कळविली नाही म्हणून झालेल्या दाव्यात २००५ साली ८५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

शून्य कसे घडवले जाते

२००६ च्या अमेरिकन नियमात एक सवलत होती, आणि तिच्यातूनच ते प्रसिद्ध शून्य जन्मास आले. एका ‘वाढणीत’, म्हणजे एका वेळचे खाणे म्हणून गृहीत धरलेल्या मात्रेत, ट्रान्सचे प्रमाण अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल, तर ते शून्य म्हणून छापावे, असा तो नियम. समजा, बिस्किटांच्या पुड्यात सहा वाढण्या आहेत आणि प्रत्येकीत ०.४ ग्रॅम ट्रान्स आहे. वेष्टनावर शून्य छापले जाईल. पुडा संपविणाऱ्याच्या पोटात मात्र २.४ ग्रॅम जातील. आणि दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाने ट्रान्स २.२ ग्रॅमच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच येते, असे शाळेत शिकलेला वाचक येथे फसतो, कारण हे शून्य अंकगणितातले नसून नियमपुस्तकातले आहे.

डेन्मार्कने २००३ सालीच वेगळा मार्ग धरला होता. त्या देशाने ग्राहकाला वाचावयास लावण्याऐवजी उत्पादकालाच बंधन घातले: खाद्य तेलातुपात कारखानी ट्रान्सचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असता कामा नये, मग पदार्थ पाकिटातला असो वा उपाहारगृहातला. हाच मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो; कारण ज्याला वाचता येत नाही, ज्याला चष्म्यावाचून ती अक्षरे दिसत नाहीत, ज्याच्या हातात वेष्टनच नसते, अशा सर्वांचे त्यात सारखेच रक्षण होते. अमेरिकेने २०१५ मध्ये अर्धवट हायड्रोजनीकृत तेलांना निर्धोक पदार्थांच्या यादीतून वगळले आणि त्याची अंमलबजावणी जून २०१८ पासून सुरू झाली.

भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने आवळली गेली. वनस्पती तुपाला प्रथम दहा टक्के, नंतर पाच, १ जानेवारी २०२१ पासून तीन आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के, असा तो क्रम आहे. आणि २०२२ चा नियम केवळ तेलातुपाला नव्हे, तर ज्या पदार्थांत ते वापरले जाते त्या पदार्थांतील स्निग्धांशालाही लागू आहे. शंभर ग्रॅम खारीत तीस ग्रॅम स्निग्धांश धरला, तर कायद्याने त्यात कारखानी ट्रान्स ०.६ ग्रॅमपर्यंतच चालेल. ‘ट्रान्स फॅट मुक्त’ असे मिरवायचे असेल, तर शंभर ग्रॅम पदार्थात ते ०.२ ग्रॅमहून कमी असावे लागते. म्हणजे आपल्याकडील ‘मुक्त’ या दाव्याच्या पोटातही थोडी जागा आहे, पण ती अमेरिकेतील जुन्या नियमाइतकी सैल नाही. शंभर ग्रॅमचे माप ठरलेले असल्याने वाढणी लहान करून आकडा नाहीसा करता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे हे काम मनःपूर्वक प्रशंसेस पात्र आहे.

[चौकट: पुडा हातात असताना
भारतीय वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तेलाचे वा साखरेचे नाव पहिल्या तिनात असेल, तर चित्रातील फळांकडे आणि धान्यांकडे दुर्लक्ष करावे. कोष्टकात शंभर ग्रॅमचा रकाना आधी वाचावा, मग पुड्याचे निव्वळ वजन पाहून संपूर्ण पुड्याचा आकडा काढावा. ट्रान्सच्या शून्यावर न थांबता त्याच्या शेजारची संपृक्ताची ओळ वाचावी. प्रौढ माणसासाठी नियमात धरलेली दैनिक मात्रा संपृक्ताची २२ ग्रॅम, एकूण स्निग्धांशाची ६७ ग्रॅम आणि ट्रान्सची २ ग्रॅम आहे.]

शेजारची ओळ

ट्रान्स गेले, पण खारीला पापुद्रे हवेच आहेत आणि बिस्किटातील मलई उन्हाळ्यात वितळून चालत नाही. तेव्हा घनरूप स्निग्ध दुसरीकडून आणणे उत्पादकाला प्राप्तच होते. हे काम मुख्यतः पाम तेलाने पत्करले. या तेलात निम्म्याच्या आसपास वसाम्ले मुळातच संपृक्त असतात, त्यामुळे निकेल आणि हायड्रोजन यांच्यावाचूनच ते अर्धवट घट्ट असते. थंड करून गाळले की त्याचा पातळ भाग पामोलिन म्हणून तळणीला जातो आणि घट्ट भाग बेकरीच्या कामी येतो. दुसरी युक्ती अशी की, पूर्ण हायड्रोजनीकृत कठीण तेल आणि साधे पातळ तेल एकत्र करून, ग्लिसरॉलवरील वसाम्लांची रासायनिक अदलाबदल घडवून आणावयाची. म्हणजे मध्यम मऊपणाचे स्निग्ध तयार होते आणि ट्रान्स त्यात जवळजवळ नसतेच. या दुसऱ्या प्रकारात घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनीकृत’ हा शब्द आणि कोष्टकात शून्य हे दोन्ही शेजारी शेजारी, पूर्ण प्रामाणिकपणे, नांदतात. कोड्याचे उरलेले उत्तर ते हे.

या बदलाने लाभ झाला, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. ट्रान्सच्या जागी संपृक्त आले तरी एचडीएल घटविणारा घटक गेला. परंतु एलडीएल वाढविणारा राहिला, आणि त्याचे प्रमाण थोडे नाही. समजा, शंभर ग्रॅमच्या मलईच्या बिस्किटांत दहा ग्रॅम संपृक्त स्निग्धांश आहे. कोष्टकाच्या कडेला दैनिक मात्रेची टक्केवारी दिलेली असते, ती एका वाढणीची. वाढणी पंचवीस ग्रॅमची धरली तर तो आकडा ११ टक्के येतो आणि डोळ्याला सौम्य दिसतो. पुडा मुलाच्या हातात दिला आणि त्याने तो दुपारच्या खेळात संपवला, तर मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या मात्रेपैकी ४५ टक्के एका खाण्यात आले. येथे कोणी नियम मोडलेला नाही. नियमाने मागितलेली सर्व माहिती छापलेली आहे. केवळ दर्शनी बाजूवर ट्रान्सचे शून्य मोठ्या टाइपात आहे आणि संपृक्ताचे दहा मागे बारीक टाइपात आहेत, त्यामुळे पहिले दुसऱ्याला झाकते.

‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा तेलाच्या डब्यावरचा दावा याच जातीचा. कोलेस्टेरॉल हे प्राणिज द्रव्य असून वनस्पतींच्या तेलांत ते नाममात्रही म्हणण्याजोगे नसते. तेव्हा एका तेलाने ते मिरवावे याला काही अर्थ नाही. शिवाय रक्तातील एलडीएल वाढते ते आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त आणि ट्रान्स वसाम्लांमुळे अधिक, त्यामुळे जो प्रश्न विचारायचा त्याचे उत्तर न देता, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या दाव्यात दिलेले असते. ‘भाजलेले, तळलेले नव्हे’ हे वाक्यही तसेच पारखून घ्यावे. पिठात मळलेले स्निग्ध कढईत दिसत नाही, पण कोष्टकात दिसते.

जेथे वेष्टनच नाही

आपल्या नगरांत झटपट खाण्याचा फार मोठा भाग कोणत्याही वेष्टनावाचून विकला जातो. वडापावची गाडी, समोश्याची टपरी, काचेच्या बरण्यांतून सुटी खारी आणि नानकटाई देणारी बेकरी, यांच्या गिऱ्हाइकाला वाचण्यासारखे काही मिळतच नाही. येथे ट्रान्सपेक्षा निराळी एक चिंता अधिक महत्त्वाची आहे, ती वारंवार तापविलेल्या तेलाची. तळणीच्या उष्णतेत, प्राणवायू आणि वड्यातून सुटणारी पाण्याची वाफ यांच्या संयोगाने स्निग्धाचे रेणू तुटतात, आंबट होतात, एकमेकांना जोडले जाऊन दाट होतात; तेल काळवंडते, फेसाळते, लवकर धूर सोडते. या बिघडलेल्या द्रव्यांची एकत्रित मोजणी ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ या नावाने होते, आणि १ जुलै २०१८ पासून भारतात ती २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल तळणीस वापरण्यास मनाई आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीत वापरणाऱ्या आस्थापनांना त्याची दफ्तरी नोंद ठेवून उरलेले तेल अधिकृत संकलकाकडे द्यावे लागते, म्हणजे ते जैवइंधनासाठी वापरले जाऊन पुन्हा एखाद्या कढईत पडू नये. कढईत जुन्या तेलावर रोज थोडे नवे ओतत राहण्याची रीत मात्र अजून सार्वत्रिक आहे, आणि ती बदलल्यावाचून कायद्याचा हा उत्तम भाग कागदावरच राहील. गाडीवाला हा स्वतः हातावर पोट असलेला माणूस आहे. जुने तेल फेकून देणे त्याला परवडेल अशी खरेदी-परतीची व्यवस्था वॉर्डावॉर्डांत उभी करणे, हे नुसत्या धाडी घालण्याहून अधिक उपयोगाचे ठरेल.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना आता आपल्या खाद्यपत्रिकेत प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहाव्या लागतात. ग्राहकाने मागितल्यास इतर पोषणमूल्यांची माहितीही त्यांनी दिली पाहिजे. ही मागणी फार थोडे लोक करतात. बर्गर आणि काप यांच्या संयुक्त ताटातील संपृक्त स्निग्धांश किती, हे गल्ल्यावर उभे राहून निःसंकोचपणे विचारण्याचा हा हक्क आपल्याला आहे, आणि तो वापरला जाईल तेवढाच तो जिवंत राहील.

दर्शनी बाजू कोणाची

चिली या देशाने २०१६ पासून असा नियम केला की, ज्या पाकीटबंद पदार्थात संपृक्त स्निग्ध, साखर, मीठ किंवा कॅलरी ठरावीक मर्यादेपलीकडे असतील, त्याच्या दर्शनी बाजूवर प्रत्येक दोषासाठी एकेक काळा अष्टकोन छापला पाहिजे. भारतात प्राधिकरणाने २०२२ मध्ये जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात अष्टकोनांऐवजी अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुणांकन सुचविले होते. त्या पद्धतीत संपृक्त स्निग्ध, साखर, मीठ आणि कॅलरी यांचे उणे गुण मोजले जातात, तर फळे, कडधान्ये, कवचफळे, तंतू, प्रथिने यांचे अधिक गुण मिळून त्यांची वजावट होते, आणि शेवटी एकच आकडा उरतो. प्रश्न असा आहे की, हृदयरोगी गृहस्थाला जो एक आकडा हवा आहे तो या वजाबाकीत कोठे दिसतो? मलईच्या बिस्किटात प्रथिनांची पूड आणि थोडा कोंडा मिसळला तर ताऱ्यांची संख्या सुधारू शकते, पाम तेल मात्र जेवढ्यास तेवढे राहते. भाजीबाजारात पिशवी सांभाळत, एका हाताने नातवाला धरून, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला दोन क्षणांत कळेल अशी खूण हवी असेल, तर ती गोळाबेरजेची असून चालणार नाही. संपृक्त स्निग्धांशासाठी तरी एक स्वतंत्र, सक्तीची आणि दर्शनी बाजूवर छापलेली खूण असली पाहिजे, आणि ज्या पदार्थावर ती खूण आहे त्यावर ट्रान्सचे शून्य मिरविण्यास मनाई असली पाहिजे.